मन आणि कंबर एकाच वहीत: वजन वाढलेल्या मुलांच्या घरासाठी बारा आठवड्यांची आखणी

"आधी वजन उतरव, मग बघ कसं छान वाटेल." रामबागेपासून सुदामानगरापर्यंत इंदूरच्या मराठी घरांत हे वाक्य प्रेमानेच बोललं जातं. क्रम मात्र उलटा आहे. ज्या पोराला सकाळी अंथरुणातून उठणंच जिवावर येतं, त्याच्याकडून आपण पहाटेचा फेरफटका, जिलबी बंद आणि रात्री फक्त सूप अशी अपेक्षा करतो. आठ-दहा दिवसांत बेत कोसळतो. वजन तिथेच राहतं आणि "माझ्याकडून काहीच होत नाही" या त्याच्या समजुतीला आणखी एक पुरावा मिळतो. पुढच्या वेळी तो बेत ऐकूनही घेत नाही.

ही आखणी साधारण १२ ते २० वर्षांच्या मुलामुलींसाठी आहे. सामान फार नाही: शिंप्याची टेप, उंची-वजन नोंदवायला वही, शक्य असेल तर दंडावर बांधायचं बीपीचं यंत्र, आणि गजराचं साधं घड्याळ. घड्याळ का, ते पुढे येईल.

मन आणि चयापचय कुठे जोडलेले असतात

पोटाच्या आत, अवयवांभोवती साठणारी चरबी नुसती पडून नसते. ती दाह वाढवणारी रसायनं रक्तात सोडते. त्यांचा परिणाम इन्शुलिनच्या कामावर होतो आणि मेंदूवरही. दुसऱ्या बाजूने, ताण महिनोन्‌महिने टिकला की कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढलेलं राहतं, यकृत रक्तात जास्त साखर सोडतं आणि नवी चरबी कंबरेभोवती बसते. झोप तुटली की भूक वाढवणारं घ्रेलिन चढतं आणि पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन उतरतं. म्हणून अपुऱ्या झोपेच्या दुसऱ्या दिवशी काकडी नको वाटते, सेव-परमल (सेव-मुरमुरे) हवंसं वाटतं. यात इच्छाशक्तीचा दोष शोधू नका.

२०१० साली पंधरा दीर्घकालीन अभ्यास एकत्र करून काढलेल्या हिशेबात लठ्ठ व्यक्तींना पुढे नैराश्य येण्याची शक्यता सुमारे ५५ टक्क्यांनी जास्त निघाली आणि नैराश्य असलेल्यांना पुढे लठ्ठपणा येण्याची सुमारे ५८ टक्क्यांनी. त्यात मुख्यतः प्रौढ माणसं होती, पण रस्ता दोन्ही बाजूंनी वाहता आहे हे त्यातून दिसतं. मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट येते, ती रक्ताच्या कुठल्याच तपासणीत सापडत नाही: चिडवणं. वर्गात, लग्नात, घरी. त्याकडे वळायचंच आहे.

पहिली संध्याकाळ: मोजमाप

खोलीचं दार लावा. भावंडं, आजी, कामाच्या ताई कोणी नको. सदरा वर. सर्वांत खालची बरगडी आणि कंबरेच्या हाडाचं वरचं टोक यांच्या बरोबर मधोमध टेप आडवी फिरवा. बेंबीवरून किंवा पँटच्या पट्ट्यावरून मापू नका, तिथे दर वेळी वेगळा आकडा येतो. श्वास सहज सोडू द्या, पोट आत ओढू देऊ नका. दोनदा मापा, १ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक पडला तर तिसऱ्यांदा. हे माप उंचीने भागा. उंची १६० आणि कंबर ८४ असेल तर ०.५२५. ०.५ किंवा त्याहून जास्त आलं तर पोटाची चरबी वाढली आहे असं धरायचं. वजनापेक्षा हा आकडा आम्हाला जास्त उपयोगाचा वाटतो. वाढत्या वयात वजन वाढणारच, कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत राहायला हवी.

बीएमआयसाठी (वजन-उंचीचं गुणोत्तर) मोठ्यांचे आकडे मुलांना लावू नका. १८ वर्षांपर्यंत भारतीय बालरोग अकादमीचे २०१५ चे तक्ते वापरतात. ते वय आणि लिंगानुसार वेगळे असतात आणि त्यांत २३ व २७ या प्रौढ आकड्यांशी जुळणाऱ्या दोन रेषा असतात: पहिली ओलांडली तर वजन जास्त, दुसरी ओलांडली तर लठ्ठपणा. बालरोगतज्ज्ञांकडे हा तक्ता असतो, मुलाचा बिंदू त्यावर टाकून मागा.

मान मागून बघा. काखेत बघा. तिथली कातडी काळसर, जाड, मखमलीसारखी झाली असेल तर तो मळ नव्हे. रक्तात इन्शुलिन चढं राहिल्याची ती खूण असते. दगडाने, बेसनाने किंवा लिंबाने घासून ती जात नाही, उलट सोलवटून आणखी काळी पडते. "मान धुतोस की नाही?" हा प्रश्न कित्येक घरांत रोज विचारला जातो. तो आजपासून बंद.

बीपीचा पट्टा ही चुकांची मोठी जागा. जाड दंडाला छोटा पट्टा बांधला की आकडा खोटा वाढतो. आधी दंडाचा मधला घेर मापा. यंत्राच्या पट्ट्यावर तो किती सेंटिमीटरपर्यंत चालतो ते छापलेलं असतं. नेहमीचा पट्टा बहुधा ३२ पर्यंत असतो, त्यापुढे मोठा घ्यावा लागतो. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, पाच मिनिटं गप्प बसल्यावर मापा. १३ वर्षांपुढे १२०/८० च्या खाली ठीक. १३०/८० किंवा जास्त तीन वेगवेगळ्या दिवशी आला तर डॉक्टरांना दाखवा.

मूड कसा मोजायचा

मूडचंही माप असतं. किशोरांसाठीची पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची पट्टी मराठी आणि हिंदी दोन्हींत मिळते. इंदुरात बरीच मुलं मराठी घरात बोलतात पण वाचतात हिंदी किंवा इंग्रजी, तेव्हा ज्या भाषेत ते सहज वाचतात त्यात द्या. गेल्या दोन आठवड्यांबद्दल प्रत्येक प्रश्नाला ० ते ३, एकूण २७. ५ ते ९ सौम्य, १० पासून पुढे तज्ज्ञांकडे जाण्याइतकं. मुलाने स्वतः, एकट्याने भरायची. आईने वाचून दाखवायची आणि बाबांनी उत्तर सुचवायचं, असं नको.

या वयात नैराश्य रडून येईलच असं नाही. पुष्कळदा ते चिडचिड होऊन येतं. "बोर होतंय", "कुछ नहीं, छोड़ो ना", दार आपटणं, मित्रांचे फोन न उचलणं, आवडता तबला किंवा क्रिकेट अचानक सुटणं.

आता एक गोष्ट, जिच्याकडे फार कमी जण बघतात. नऊ प्रश्नांपैकी झोप, थकवा, भूक आणि एकाग्रता हे चार शरीरातून सुद्धा येऊ शकतात. बेरीज ११ आली आणि त्यातले ९ गुण याच चार प्रश्नांचे असतील, तर आधी घोरणं तपासा. आठवड्यात तीन किंवा जास्त रात्री घोरणं, मध्येच श्वास थांबून दचकणं, सकाळी डोकं दुखणं, वर्गात डुलक्या, या वयात पुन्हा अंथरूण ओलं होणं: झोपेत श्वास अडण्याची ही लक्षणं. झोपलेल्या मुलाचा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ घ्या आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. वाढलेले टॉन्सिल किंवा ॲडिनॉइड हे कारण निघालं तर त्यावर उपचार आहेत. श्वास अडत राहिला तर बीपी, साखर आणि मूड तिन्ही बिघडलेले राहतात, आहार कितीही चांगला ठेवला तरी.

नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे शून्याखेरीज काहीही असेल तर बाकीची बेरीज बघू नका. सरळ विचारा: "मरावंसं वाटतं का? कसं करायचं हे ठरवलंयस का?" विचारल्याने असा विचार डोक्यात शिरत नाही, लपलेला असेल तर बाहेर येतो. त्या दिवशी मुलाला एकटं ठेवू नका. घरातल्या गोळ्या, फिनाइल, उंदराचं औषध कुलपात. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो आणि मोफत आहे. योजना तयार असेल किंवा काही करून बसला असेल तर थेट रुग्णालय, इंदूरच्या एमवाय रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात रात्रीही डॉक्टर असतात.

त्याच बैठकीत आणखी तीन प्रश्न, हळू आवाजात: खाताना हात थांबत नाही असं होतं का? लपून खावं लागतं का? खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढलीस का? ताबा सुटून खाणं आठवड्यातून एकदा, असं तीन महिने चाललं असेल तर तो खाण्याचा आजार आहे. अशा मुलावर डाएट लादणं म्हणजे आगीत तेल: दिवसभर उपाशी, रात्री पुन्हा तोच झटका, आणि वर शरम. उलटी मुद्दाम काढत असेल तर ताबा किती वेळा सुटतो हे मोजत बसू नका. दोन्ही प्रकारांत आधी मानसोपचारतज्ज्ञ, आहारात कपात नंतर.

रक्ताच्या तपासण्या, आणि न करायच्या तपासण्या

दहाव्या वर्षापासून, वजन लठ्ठपणाच्या रेषेपुढे असेल तर: उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), लिपिड (कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातल्या चरबी) आणि एएलटी (यकृताला त्रास झाला की रक्तात वाढणारं रसायन). आदल्या रात्रीचं जेवण साडेआठला उरका आणि सकाळी साडेसातच्या आसपास रक्त द्या. सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारातून बाराला परतून सकाळी सातला दिलेल्या रक्ताला "उपाशीपोटी" म्हणत नाहीत, ट्रायग्लिसराइड चढलेलंच येणार.

साखर १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, १२६ पासून मधुमेह. एचबीए१सी ५.७ ते ६.४ उंबरठा, ६.५ पासून मधुमेह. लक्षणं नसतील तर एका आकड्यावर शिक्का मारत नाहीत, तपासणी पुन्हा करतात. ट्रायग्लिसराइड या वयात १३० पासून जास्त धरतात, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ४० च्या खाली कमी. एएलटीच्या बाबतीत लॅबच्या छापील मर्यादेवर विसंबू नका. ती बहुतेक वेळा ४० च्या आसपास असते, पण मुलांसाठी वरची मर्यादा २६ आणि मुलींसाठी २२ मानतात. त्याच्या दुप्पट आकडा तीन महिन्यांहून जास्त टिकला किंवा ८० च्या वर गेला तर यकृताची नीट तपासणी हवी.

एचबीए१सीत एक खोच आहे. लोह कमी असेल तर तो खोटा वाढतो, सिकल सेल किंवा थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारांचा वाहक असेल तर कधी वर कधी खाली दिशाभूल करतो. झाबुआ, धार, अलीराजपूर या पट्ट्यात सिकल सेल बराच आढळतो. म्हणून सोबत हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) करून घ्या. शाकाहारी घर असेल तर बी-१२ सुद्धा. ते कमी असलं की थकवा आणि उदासी दोन्ही येतात आणि भरून काढणं सोपं असतं.

उपाशीपोटी इन्शुलिन मात्र पॅकेजमध्ये फुकट मिळालं तरी मनावर घेऊ नका. वयात येताना इन्शुलिन नैसर्गिकच वाढतं, आकडा बघून घरात घबराट तेवढी होते. थायरॉइडच्या तपासणीत टीएसएच किंचित वाढलेलं, सातच्या आसपास, आणि मुक्त टी-४ ठीक, असं असेल तर बहुधा ते वाढलेल्या वजनाचा परिणाम असतं, कारण नव्हे. "थायरॉइडमुळे वजन वाढलं" हे ऐकायला बरं वाटतं, पण अशा मुलात गोळीने वजन उतरत नाही. ड जीवनसत्त्वाच्या ६०,००० युनिटच्या पुड्या आठ आठवड्यांच्या पुढे कोणी न सांगता चालू ठेवू नका, कॅल्शियम वाढून मूतखडे आणि उलट्या होतात.

मुलींची पाळी सुरू होऊन तीन वर्षं झाली आणि तरी ३५ दिवसांपेक्षा लांबत असेल, हनुवटीवर जाड केस येत असतील, तर पीसीओएससाठी (पाळी आणि संप्रेरकं बिघडवणारा बीजकोशांचा विकार) दाखवा. हनुवटीच्या केसांनी मुलगी किती खचते हे घरच्यांना पुष्कळदा कळतच नाही. तिला "आधी वजन कमी कर" एवढंच सांगून परत पाठवणारा दवाखाना बदला.

पहिले चोवीस दिवस: आधी झोप

आहाराला हात लावायचा नाही. हे पालकांना सगळ्यांत जड जातं.

१३ ते १८ वयात आठ ते दहा तास झोप लागते. शाळेची बस पावणेसातला, म्हणजे सहाला उठणं, म्हणजे दहाला झोप. कोचिंग सुटतं साडेआठला, घरी पोचेपर्यंत नऊ, जेवण, गृहपाठ, मोबाइल. रात्र थोडी, सोंगं फार. साडेबाराला झोपणाऱ्याला एका रात्रीत दहावर आणता येत नाही. तो अंधारात डोळे उघडे ठेवून पडतो आणि नको ते विचार करतो. दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटं मागे या. साडेबारावरून साडेदहा म्हणजे दोन तास, म्हणजे आठ टप्पे, म्हणजे चोवीस दिवस. उरलेला अर्धा तास पुढच्या आठवड्यात. उठायची वेळ रोज एकच, रविवारी फार तर तासभर पुढे. रविवारी अकरापर्यंत लोळलं की सोमवारपासून झोपेची वेळ पुन्हा उशिरावर.

फोन रात्री हॉलमध्ये चार्जिंगला, सगळ्यांचे, बाबांचाही. "गजर फोनमध्ये आहे" हे कारण पहिल्याच रात्री येतं, त्यासाठी ते साधं घड्याळ. उठल्यावर पहिल्या तासात पंधरा-वीस मिनिटं गच्चीवर किंवा गॅलरीत उजेडात. तिथेच दूध-चहा घेतला तरी चालेल.

दुसऱ्या आठवड्यापासून: घड्याळावर हालचाल

"मूड आला की जाईन" हे उदास मनाचं लाडकं वाक्य. मूड येत नाही, कारण काही घडत नाही, आणि काही घडत नाही, कारण मूड येत नाही. हे चक्र वेळेने तोडायचं. वहीत मुलाने स्वतः सात-आठ गोष्टी लिहायच्या: सायकल, गच्चीवर बॅडमिंटन, कुत्र्याला फिरवणं, ढोलपथकाचा सराव, मित्राकडे जाणं, चित्र. रोज एक निवडायची, वेळ ठरवायची, दहा मिनिटंच करायची. आधी मूड ० ते १० पैकी किती, नंतर किती, दोन आकडे लिहायचे. बहुतेक दिवशी ३ चा ४ होतो. त्याला "बघ, मी म्हटलं नव्हतं?" असं म्हणू नका. त्याला त्याचा आकडा दिसू द्या.

रात्रीच्या जेवणानंतर दहा मिनिटं चालणं ही एकच गोष्ट सगळ्या घरासाठी सक्तीची करा. चालणारे स्नायू रक्तातली साखर इन्शुलिनवर फारसं न विसंबता उचलतात, त्यामुळे जेवणानंतरची साखरेची उसळी खाली येते. अंतिम मजल रोज सरासरी ६० मिनिटं आणि आठवड्यात तीन दिवस स्नायूंना ताण: खुर्चीवरून हात न टेकता दहादा उठ-बस, भिंतीवर दहा जोर, दोन फेऱ्या. पण त्या साठ मिनिटांपर्यंत पोचायला दोन महिने घ्या.

मुलं चालायला का नाही म्हणतात याचं एक साधं कारण घरात कोणी विचारत नाही: मांड्या घासून सोलतात. आत घट्ट सायकलिंग शॉर्ट्स किंवा मांड्यांना व्हॅसलीन लावलं की निम्मी कुरकुर संपते. दुसरं कारण नजरा. मेघदूत उपवनात संध्याकाळी ओळखीची निम्मी कॉलनी भेटते. पिपल्यापाल्याला किंवा नेहरू पार्कला सकाळी लवकर गर्दी कमी, नाहीतर आपली गच्ची काय वाईट आहे?

मांडी किंवा गुडघा दुखून मूल लंगडू लागलं तर व्यायाम तिथेच थांबवा. वजन जास्त असलेल्या किशोरात मांडीच्या हाडाचं वरचं टोक सांध्याजवळ सरकू शकतं, आणि दुखतं मात्र गुडघ्यात. गुडघ्याचा एक्स-रे ठीक येतो आणि सगळे निश्चिंत होतात. खुब्याचा एक्स-रे मागा, त्याच दिवशी.

पाचव्या आठवड्यापासून: ताट

आता ताट. ज्या गावात लोक सकाळी पोह्यांनी उठतात आणि रात्री सराफ्यात गुलाबजामवर झोपतात, तिथे बंदीची यादी टिकत नाही. बंदी मोडली की अपराधीपणा, अपराधीपणाने पुन्हा खाणं. त्याऐवजी वेळ आणि जोड बदला.

पहिली जागा म्हणजे साडेचार-पाचची. कोचिंगला जाण्याआधी मुलाने पोटभर काही खाल्लं नाही तर साडेनऊला तो स्वयंपाकघरात जे दिसेल ते खाणार. थालीपीठ-दही, मटकीची उसळ, दोन उकडलेली अंडी, मूठभर फुटाणे-शेंगदाणे आणि एक फळ. हे एकच खाणं नीट बसलं की रात्रीचं निम्मं भांडण मिटतं. दोन खाण्यांत चार-पाच तासांपेक्षा जास्त अंतर नको. नाश्ता टाळून "कॅलरी वाचवणं" हा या वयातला सगळ्यांत महाग व्यवहार. श्रावणातल्या सोमवारचंही तेच: दिवसभर उपास, संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचा चिवडा. बारा आठवडे या मुलाला उपासातून सूट द्या, आजींना आधी सांगून ठेवा.

दुसरी जागा पेयांची. कोलात १०० मिलिलिटरमागे साधारण १० ते ११ ग्रॅम साखर, म्हणजे अर्ध्या लिटरच्या बाटलीत दहा चमच्यांच्या वर. पेयातल्या साखरेने पोट भरल्यासारखं वाटत नाही, म्हणून ही कपात मुलाला जाणवतेही कमी. आणि आपली इंदुरी शिकंजी म्हणजे लिंबाचं सरबत नव्हे, दूध-सुकामेवा घातलेलं जेवणच ते. गोड म्हणून तिची मजा घ्या, तहानेसाठी नको.

पोहे राहू द्या. उसळ-पोहे घेतले तर प्रथिनं मिळतात आणि अकरा वाजता भूक लागत नाही. सेव वरून चिमूटभर. मूठभर म्हणजे पंचवीस-तीस ग्रॅम, सुमारे दीडशे कॅलरी, एका ताटात तीनदा भुरभुरली की हिशेब तुम्हीच करा. सेव किलोने आणू नका, २०० ग्रॅम आणा आणि डबा वरच्या फळीवर ठेवा. जिलबी रविवारी, सगळ्यांनी बसून, बशीत घेऊन. एकट्याला वेगळं ताट कधीच वाढू नका. भावाच्या ताटात कचोरी आणि याच्या ताटात दुधी, या शिक्षेतून लपून खाणं जन्मतं.

शब्दांची पथ्यं

घरात शरीराबद्दल बोलणं पूर्ण बंद, मग ते "गोलू" असो, "खात्यापित्या घरचा" असो की "चेहरा किती गोड आहे, फक्त..." असो. लाडानेही नाही. वजनावरून चिडवलेल्या मुलांचं वजन पुढे कमी होत नाही, वाढतंच. गणपतीत आणि लग्नांत पाहुणे बोलणारच, तेव्हा उत्तर आधी ठरवून ठेवा आणि ते आईबाबांनी द्यायचं, मुलाने नव्हे: "काकू, त्याच्या वजनावर आम्ही घरात बोलत नाही. त्याला तबल्याचं विचारा ना." दोन कार्यक्रमांत बातमी सगळीकडे पोचते.

शाळेत वर्गासमोर वजन करतात का ते विचारा. करत असतील तर वर्गशिक्षकांना भेटून बाजूला, एकट्याचं करायला सांगा. कपडे आज अंगाला बसतील असे घ्या. "उतरल्यावर घेऊ" म्हणून घट्ट शर्टात अडकवलेलं मूल बाहेरच जात नाही.

औषधांबद्दल, थोडक्यात

नैराश्यासाठी फ्लुऑक्सेटिनसारखं औषध सुरू झालं तर परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. सुरुवातीच्या आठवड्यांत अस्वस्थता आणि आत्महत्येच्या विचारांकडे जास्त लक्ष द्या. ओलान्झापिन, क्वेटियापिन, रिस्पेरिडोन, व्हॅल्प्रोएट, मिर्टाझापिन या मानसोपचारात वापरल्या जाणाऱ्या औषधांनी वजन वाढू शकतं. गोळी मनाने बंद करू नका. सुरू करतानाच कंबर, साखर, लिपिड नोंदवा, तीन महिन्यांनी पुन्हा, मग दर वर्षी, आणि वाढ दिसली तर डॉक्टरांना पर्याय विचारा. मेटफॉर्मिन हे साखरेचं औषध दिलं असेल तर जेवणासोबत घ्या, जुलाब पहिल्या दोन आठवड्यांत होतात आणि बहुधा थांबतात. ते मूडचं औषध नाही, आणि दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ घटतं. जिममध्ये मिळणाऱ्या चरबी जाळणाऱ्या पुड्या आणि कोणाच्या तरी ओळखीने येणारी इंजेक्शनं दारातूनच परत.

नोंदी आणि निकाल

वजन चार आठवड्यांतून एकदा, तेही मुलाची तयारी असेल तर. पीएचक्यू चौथ्या, आठव्या, बाराव्या आठवड्यात. कंबर आठव्या आणि बाराव्या. रक्त बाराव्यानंतर, कारण एचबीए१सी साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगतो, महिन्याने केलेली तपासणी पैसे घालवते. पीएचक्यूत पाच गुणांची घट म्हणजे खरा फरक. कंबर-उंचीचं गुणोत्तर ०.५४ वरून ०.५२ झालं आणि वजन तेवढंच राहिलं, तर बारा आठवडे वाया गेलेले नाहीत. ट्रायग्लिसराइड आणि एएलटी बऱ्याचदा वजनाच्या आधी सुधारतात, मुलाला ते आकडे दाखवा. मूड सुधारला आणि कंबर हलली नाही तर घोरणं, औषधं आणि पेयं पुन्हा तपासा. कंबर उतरली आणि मूड खालावला तर जास्त सावध व्हा: मूल उपाशी राहतंय का, उलट्या काढतंय का, ते विचारा.

बोर्डाच्या परीक्षा मध्ये आल्या तर आखणी मोडू नका, आटपती घ्या: उठायची वेळ, साडेचारचं खाणं आणि जेवणानंतरची दहा मिनिटं, एवढी तीनच चालू ठेवा.

भंवरकुआँ परिसरात खोली घेऊन राहणारी, देवास-धारकडून आलेली मुलं यातलं निम्मं स्वतःच करू शकतात. मेसवाल्या मावशींना डबा रात्री आठपर्यंत मागा, एक पोळी कमी आणि डाळ किंवा उसळ दुप्पट सांगा, थोडे पैसे जास्त पडले तरी चालतील. खोलीत फुटाणे, शेंगदाणे, केळी आणि दह्याचा छोटा डबा ठेवा. फोन पलंगापासून हाताच्या अंतराबाहेर, दाराजवळच्या प्लगला. घरापासून दूर असल्याने पीएचक्यू इथे दर आठवड्याला भरायची. रविवारी घरी फोन कराल तेव्हा तिची बेरीज सांगायची, वजन नाही. सलग दोन रविवार आकडा चढला, किंवा कधीही दहा किंवा जास्त झाला, तर तिसऱ्या रविवारची वाट न बघता घरच्यांनी येऊन जायचं, हे आधीच ठरवून ठेवा.